आधी ग्रुप, मग युजर

ये वं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. दिवाळीले येते म्हणून सांगितलं, त्याले दोन दिवाळ्या झाल्या. फोनवर "ताई, कशा आहात" विचारलं की झालं, असं थोडीच असते? आज तुले तुझीच गोष्ट सांगते. एवढी वर्षं पोटात ठेवली.

तू हिंगण्याच्या कारखान्यात लागली तेव्हा मले तिथं सहा वर्षं झाली होती. टायपिस्ट म्हणून लागली होती, मग साहेबांनी नव्या युनिक्स मशीनजवळ, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरजवळ बसवलं. शिकवायले कोणीच नव्हतं. सीताबर्डीवरून कंपनीची बस पकडायची अन् मांडीवर डिक्शनरी ठेवून मॅन्युअल वाचायची. गेट येईपर्यंत चार पानं व्हायची. रूटचा पासवर्ड म्हणजे मशीनची मालकी. तो एक दिवस माझ्याच हाती येईल, असं मी धरून चालली होती. साहेबांनी तो तुले दिला. कॉलेजातून निघून तुले तीन महिने नव्हते झाले.

जळली वं मी. तुझ्या डब्यातली भाजी चांगली असायची, त्याचाही राग यायचा.

तुले पहिलं काम मिळालं ते स्टोअरच्या टर्मिनलवरच्या मेन्यूचं. तो प्रोग्राम रूटच्या नावानं सुरू व्हायचा, समोरच्याचं नाव अन् पासवर्ड विचारायचा, मग रूटपण सोडून त्या माणसाची ओळख घ्यायचा. ओळखीचे भाग दोन, युजर म्हणजे माणूस अन् ग्रुप म्हणजे त्याचं खातं. दोन्ही बदलावे लागतात. एक दिवस मी त्या मेन्यूतून आत गेली अन् सहज आपली ओळख पाहिली. युजर माझा होता. ग्रुप रूटचा.

तुझ्या टेबलावर कोडचे छापील कागद होते. पाहिले अन् समजलं. तू आधी युजर बदलला होता, ग्रुप नंतर. पण ग्रुप बदलायची ताकद रूटचीच, अन् ते रूटपण तू आधीच टाकून दिलं होतं. नोकरी सोडताना गेटपास फाटकावर जमा करावा अन् मग म्हणावं, आतलं लॉकर रिकामं करून येते. वॉचमन सोडते का? मशीन नाही म्हणत होती, तुझा प्रोग्राम ते ऐकतच नव्हता. म्हणजे स्टोअरचा कोणीही माणूस रूटच्या ग्रुपमध्येच राहायचा अन् त्या ग्रुपले उघड्या असलेल्या साहेबांच्या गोपनीय फायली वाचू शकत होता.

तुले तिथंच सांगायले पाहिजे होतं. नाही सांगितलं. आठ दिवस थांबली, सोमवारच्या मीटिंगसाठी. अन् त्या आठ दिवसांत त्याच वाटेनं साहेबांच्या फायलीत शिरून त्यांची माझ्यावरची नोट वाचली. "बाई मेहनती आहेत, पण पदवी नाही."

मीटिंगमध्ये उठून मी सगळ्यांसमोर तुझी चूक सांगितली. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला कसं कळलं? फायली उघडून पाहिल्या का?"



"सर, मीच ताईंना तपासायला सांगितलं होतं," तू म्हणाली. सरळ चेहऱ्यानं, साफ खोटं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काहून केलं वं असं? मी म्हटलं होतं तुले?"

"तुम्ही नसतं पाहिलं तर कोण पाहणार होतं, ताई? आता क्रम सांगा. आधी ग्रुप, मग युजर, बरोबर ना? अन् आज माझा डबा तुम्ही संपवायचा. नाहीतर साहेबांना खरं सांगते."

बसून खाल्ला. तू वाईट असती तर मले सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून तुझ्या पासवर्डावर तर जळायचीच, तुझ्या स्वभावावरही जळायले लागली. पुढं तू पुण्याले गेली अन् रूट माझ्या हाती आलं, तर तेही तुझं उतरलेलं म्हणून टोचलं.

तुले आजपर्यंत वाटत असल की मले ती चूक त्याच सकाळी दिसली. नाही वं. आठ दिवस आधीच दिसली होती. तुझी फजिती व्हावी म्हणून गप्प बसली. फोनवर हे सांगायची हिंमत नाही झाली. वाचून राग आला असल तर तो घेऊनच ये. माझ्यासमोर बसून भांड. पण ये वं, या महिन्यातच ये.