व्हय म्हाराजा

गिरणी बंद पडून बाबा मुंबईहून पालीजवळच्या आमच्या गावी परत आले, आणि काही वर्षांत त्यांना माझं नावही आठवेना. दुपार झाली की हट्ट सुरू, "बाय, डबा दे. पाळी चुकेल माजी." मी समजवायची, गिरणी बंद झाली हो. मग ते चिडायचे, रडायचे, नजर चुकवून रस्त्याला लागायचे. एकदा घाटात ट्रकखाली येता येता वाचले. शेवटी आई शेतावर आणि मी शाळेत शिकवायला जाताना बाहेरून कुलूप लावू लागलो. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, सगळ्या वाडीला अर्ज लिहून देणारी. पण कुलपाआडून बाप दार ठोकत असे, तेव्हा माझी पदवी काही कामाची नव्हती.

वाडीत म्हणू लागले, देवीचं काही राहिलंय. माझा विश्वास डळमळीत होता, पण आईच्या शब्दाखातर बाबांना देवळात नेलं. गुरवकाकांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची बुद्धी हरपली हाय, ती थाऱ्यावर आण."

"व्हय म्हाराजा," जमलेल्यांनी साथ दिली, आणि सगळ्यांच्या वर आवाज बाबांचा. एवढा वेळ हात सोडवून घेणारा माणूस डोळे मिटून, हात जोडून उभा. गाऱ्हाणं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कोणाची रे बुद्धी गेली?"

गुरवकाका अडखळले. "हाय एक."

"बिचारा," बाबा म्हणाले. "सांभाळा त्याला."

मी बाजूच्या खांबाशी जाऊन बसले. देवीकडे आम्ही बुद्धी मागितली होती, आणि 'सांभाळा' हे उत्तर बाबांच्याच तोंडून आलं होतं. त्याचा अर्थ मी कुणाला पटवायला जात नाही.

ओटी भरायला आलेल्या एक अनोळखी बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. रत्नागिरीत नर्सिंगच्या मुलींना शिकवत होत्या. म्हणाल्या, "मेंदूचा आजार आहे हा, बरा होणार नाही. पण आत्ता ते शांत कशाने झाले, पाहिलंत ना? आमच्या मुलींना सुई टोचायला शिकवतो, अशा माणसाशी बोलायचं कसं ते नाही शिकवत. तुम्ही या. त्यांनाही आणा."

बाबांना घेऊन मी त्यांच्या दवाखान्यातल्या वर्गात गेले. बाबांनी तिथंही डबा मागितला. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हा दवाखाना आहे," तर ते तिच्या अंगावर ओरडले. दुसरी म्हणाली, "व्हय आजोबा, देते. कुठल्या खात्यात तुम्ही?" बाबा बसले आणि तासभर सूत, बॉबिन, कामावर देखरेख करणारा जॉबर यांच्याविषयी बोलत राहिले. डबा विसरले. त्या दिवशी आम्ही सगळ्याच शिकलो: आधी व्हय म्हणायचं, मग हात धरायचा.

पुढे मी सुट्टीच्या दिवशी तिथं शिकवायला जाऊ लागले. त्यातली एक मुलगी आमच्याच आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आली, तिनं वाडीला शिकवलं. बाबा रस्त्यावर दिसले की कुणीतरी म्हणे, "व्हय काका, गाडीला उशीर हाय, तवर चहा घ्या," आणि घरी आणून सोडी.

बाबांची बुद्धी परत आली नाही. ते मागणंही मी देवीवर सोपवून दिलं. कुलूप मात्र ती नर्स आली त्याच वर्षी निघालं, ते पुन्हा लागलं नाही. बाबा गेले ते भर दिवसा, आमच्या पडवीत, दार सताड उघडं असताना.