आबांची पाठ आणि पंधरा ऑगस्ट

समस्त लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकातल्या एका पंधरा ऑगस्टला, पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात, भारताची लोकशाही एका सुनेच्या पदरात अडकून पडली होती. ती सून मीच.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि मी निवडून आले. खुर्चीवर बसायचे आमचे हे. मी ते सांगतील तिथे सही करायची. पण त्या सकाळी तालुक्याहून विस्तार अधिकारी आले आणि त्यांनी ठणकावलं, "झेंडा बाईच फडकवतील. यजमानांनी दोरीला हात लावायचा नाही."

दोरीची भीती नव्हती, भीती आबांची, म्हणजे सासऱ्यांची. ते ओट्यावर दिसले की मी चपला हातात घेऊन मागच्या दाराने जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. चहा हवा का, हेसुद्धा मी भिंतीला विचारायची आणि ते भिंतीलाच सांगायचे. आणि आता झेंड्याचा चौथरा कमरेएवढा उंच, समोर पहिल्या रांगेत आबा. सासरा खाली, सून वर!

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थिजले. मागून जाऊ पुटपुटली, "चढ ना माय, का मुहूर्त काढू?"

आबांनी माझी अवस्था ओळखली. ते उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि झेंड्याकडे पाठ करून बसले. आमच्याकडे सासऱ्याकडून याहून मोठा मान सुनेला मिळत नाही: जा बाई, मी बघत नाही. पण आबा गावातले सगळ्यात वडीलधारे. ते करतील ते बाकीच्यांनी करायचं. करकर खुर्च्या फिरल्या आणि टोप्यांची अख्खी रांग पाठमोरी झाली.

अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. ते ग्रामसेवकाला म्हणाले, "हा झेंड्याचा अपमान आहे. आधी त्या म्हाताऱ्याला ठाण्यात न्यावं लागेल."

"साहेब, रीत शे ती आमनी."

"रीत ठाण्यात सांगा. हवालदार!"

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. बापापुढे तोंड उघडायचं म्हणजे ह्यांना ताप भरायचा. ते स्वतःच्या चपलांकडे बघत उभे. हवालदार टोपी सावरत आबांच्या खुर्चीकडे निघाला. आबांना यातलं काहीच ठाऊक नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, मान ताठ करून ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसलेले. म्हातारपणी बेड्या, आणि त्याही माझी लाज राखल्याबद्दल!

मी चौथऱ्यावर कधी चढले ते आठवत नाही. दोरी मुठीत होती, पदर खांद्यावर घसरला होता, आणि कुणाचा तरी आवाज मैदानभर घुमला. तो माझाच होता.

"आबा, मन्हाकडे नका देखा, पन झेंडाकडे तरी देखा."