रुस्तमची जाळी

मी शिपाई नव्हते, हे आधी सांगते. वर्दी माझ्या नवऱ्याची होती. तो घोडदळात सवार होता आणि नोकरीत असतानाच काविळीनं गेला. त्याच्या माघारी मला नाशिकच्या छावणीत घोड्यांच्या लाइनीत सायीस म्हणून घेतलं. लाइन म्हणजे तबेल्यांची रांग. सायीस म्हणजे घोड्याचं खाणं, पाणी, खरारा आणि लीद बघणारा माणूस. साल सत्त्याऐंशी. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पेठ तालुक्यातल्या पाड्यावर. बाई सायीस आली म्हणून पहिले आठ दिवस सगळे हसले. माझ्याकडचे घोडे बघितल्यावर हसणं थांबलं.

सकाळी पाचला पाणी. सव्वापाचला खरारा. सहाला सॅडल. साडेसहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर. दुपारी चारा, संध्याकाळी पाचला परत पाणी. बावीस वर्षं मी हेच केलं. यात सांगण्यासारखं फार नाही. एका घोड्याचं आणि एका दफेदाराचं सांगायचं आहे, म्हणून लिहिते.

घोड्याचं नाव रुस्तम. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर तो रेल्वेनं आला. गडद तांबडा, आयाळ आणि शेपूट काळी, वय सहा. थंडीभर त्यानं चांगलं काम केलं. दफेदार, म्हणजे घोडदळातला हवालदार, नामदेव गांगुर्डे त्याच्यावर बसायचा. गडी देवळा तालुक्यातला, घरी कांद्याची शेती. मला मावशी म्हणायचा. मी त्याला दफेदारच म्हणायचे.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि रुस्तम डोकं झटकायला लागला. नाकात गांधीलमाशी शिरावी तसं नाक एकदम वर फेकायचा. मग फुरफुरायचा, शिंकायचा, आणि चालता चालता नाक खाली नेऊन पुढच्या पायावर घासायचा. तबेल्यात उभा असला की काही नाही. बाहेर मैदानात काढला की पाच मिनिटांत सुरू.

रिसालदार साहेब लाइनीचे मोठे. उत्तरेकडचे, कडक माणूस. ते म्हणाले, ही खोड आहे, काम टाळतो. त्यांनी तोंडात लगामाचं जड लोखंडी बिट घातलं आणि डोकं खाली राहावं म्हणून छातीपासून पट्टा आवळला. रुस्तमच्या तोंडातून रक्त आलं, झटकणं गेलं नाही.

मी घोड्याकडे बघत होते. मला दुसरं काम काय? कडुनिंबाखाली आणला की तो थांबायचा. ढग आले की थांबायचा. परत ऊन पडलं की सुरू. मी दफेदाराला सांगितलं.

"म्हणजे त्याला ऊन चावतंय म्हणा की, मावशी," तो हसला.

"हसू नका. उन्हात उभे राहा त्याच्याबरोबर."

तो अर्धा तास उभा राहिला. घोडा सावलीत नेला, उन्हात आणला, परत नेला. मग हसला नाही.

"खोड नाय ही," तो म्हणाला. "ह्याला कायतरी दुखतंय."

जनावरांचे डॉक्टर मेजर साहेब होते. त्यांनी दात, कान, घसा, डोळे सगळं बॅटरीनं तपासलं. काही सापडलं नाही. तेव्हा ते म्हणाले की हा आजार आहे. चेहऱ्याची शीर उन्हानं आणि वाऱ्यानं चाळवते, विजेचा झटका बसावा तशी कळ येते. खात्रीचं औषध नाही. पण नाकावर जाळी बांधली तर काही घोड्यांना आराम पडतो, असं त्यांच्या पुस्तकात होतं. तशी जाळी आमच्या स्टोअरमध्ये नव्हती. मेजर साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जून महिन्यात घोडे तपासणाऱ्या साहेबांचं बोर्ड बसणार होतं. कामाला येत नाही असं ठरलं तर घोडा फौजेतून काढतात, आणि जो माणसाला धोक्याचा ठरतो त्याला विकत नाहीत, गोळी घालतात.

दफेदार दोन दिवस सुट्टीवर घरी गेला आणि कांदा भरायच्या जाळीच्या पिशव्या घेऊन आला. नारिंगी रंगाच्या.

"आमच्याकडं ह्याच हायेत," तो म्हणाला.

मी कापून शिवली. पहिली जाळी चुकली. ती तोंडावरून खाली आली, बिट घालता येईना. दुसरी फक्त नाकपुड्यांवर आणि वरच्या ओठापर्यंत ठेवली. कडेनं जुन्या कांबळ्याची पट्टी लावली, नाहीतर नायलॉन कातडी सोलतं. नाकावरच्या पट्ट्याला फितीनं बांधली. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून कपाळपट्टीला सुतळीची झालर लावली.

पहिल्या दिवशी रुस्तमनं मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. तीनदा डोकं झटकलं. आदल्या दिवशी त्याला एक फेरी पुरी करता आली नव्हती. दफेदार खाली उतरला. त्यानं जड बिट काढून स्टोअरमध्ये जमा केलं.

लाइनीत चेष्टा झाली. विंचूरच्या बाजारातला कांदा आला म्हणायचे. कोणी रुस्तमला मोंढ्यातला भाव विचारायचं. दफेदार म्हणायचा, "आज तेजी हाय, लांब उभा राहा." मेजर साहेबांनी काम उन्हाच्या आधी उरकायला सांगितलं. जूनमध्ये बोर्ड बसलं आणि रुस्तम पास झाला. कागदावर त्याचा आजार लिहिला गेला. जाळी मात्र कोणी लिहिली नाही. ती आमची आमची होती.

पुढच्या मार्चमध्ये इन्स्पेक्शन लागलं. बाहेरून मोठे साहेब येणार होते. आठ दिवस आम्ही लाइन धुतली, पितळ घासलं, खूर काळे केले. परेड आठ वाजता होती. उन्हाच्या आधीची वेळ मागणार कोण? मेजर साहेब कामासाठी पुण्याला गेलेले होते.

सात चाळीसला रिसालदार साहेब टर्नआउट, म्हणजे घोड्यांची आणि सवारांची तयारी, बघत आले. रुस्तमपाशी थांबले.

"यह क्या बोरी लटका रखी है? उतारो।"

"साब, जाली के बिना यह नहीं चलता," दफेदार म्हणाला.

"दस मिनट की परेड है। उतारो।"

दफेदारानं माझ्याकडे बघितलं. "काढा मावशी. दहा मिनटं मी सांभाळतो."

मी फीत सोडली. जाळी घडी करून कमरेला खोचली. झालर पण काढली. ऊन कडुनिंबाच्या वर आलेलं मला दिसत होतं. मी बोलले नाही.

आठ बाराला घोडे दुडक्या चालीनं मंचासमोरून निघाले. रुस्तम दुसऱ्या रांगेत, डावीकडून पहिला. तो झटकत होता, दफेदार सांभाळत होता. मग 'दाहिने देख' झालं. सगळ्यांच्या माना मंचाकडे वळल्या. दफेदाराचीही वळली, हुकूमच तो. त्याच वेळी रुस्तमनं नाक खाली घातलं आणि पळता पळता पायावर घासायला गेला. पाय अडकला. घोडा डोक्यावरून पालथा झाला आणि दफेदार त्याच्या खाली सापडला.

मी मैदानाच्या कडेला बादली घेऊन उभी होते. बादली टाकून पळाले. चार जवानांनी दफेदाराला उचललं. तो शुद्धीवर नव्हता. रुस्तम उठून उभा राहिला होता. गुडघे सोललेले, आणि तिथंच उन्हात नाक घासत होता. मी कमरेची जाळी काढली आणि सगळ्या साहेबांसमोर त्याच्या नाकावर बांधली. मला कोणी अडवलं नाही.

दफेदार गांगुर्डे दुपारी अडीचला इस्पितळात वारला.

संध्याकाळी पाचला मी पाणी दाखवलं. घोड्याला पाणी लागतंच.

रिपोर्टात लिहिलं गेलं की घोडा खोडीचा आहे, त्यानं सवार पाडला. त्याचा अर्थ लाइनीत सगळ्यांना कळत होता. गोळी. फक्त कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली चौकशी, व्हायची बाकी होती. तिच्या आदल्या दिवशी रिसालदार साहेब चाऱ्याच्या गोदामापाशी आले.

"बाई, जितना पूछें उतना ही बोलना।"

मी वैरण तोडत राहिले.

टेबलामागे तीन अधिकारी होते. मधले साहेब मराठी होते. त्यांनी नाव विचारलं, नोकरी किती वर्षं, घोडा कोणाकडे. सकाळी खाल्लं होतं का, लंगडत होता का. जाळीचं कोणी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, आणखी काही सांगायचं आहे का.

मी जाळी टेबलावर ठेवली.

"ही काय आहे?"

"रुस्तमची जाळी. उन्हात त्याचं नाक दुखतं, म्हणून बांधतो. त्या दिवशी रिसालदार साहेबांनी काढायला सांगितली. दफेदार हो म्हणाला. मी काढली. ती काढली तर काय होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं. घोड्याची चूक नाही."

"तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?"

"इन्स्पेक्शन होतं, साहेब."

क्लार्कनं लिहिलेलं वाचून दाखवलं. मी सही केली. सही करायला मला वेळ लागतो. ते थांबले.

पुण्याहून परतल्यावर मेजर साहेबांनी मागचे कागद जोडले. रुस्तमला गोळी घातली नाही. त्याच्या सामानाच्या यादीत 'नाकाची जाळी, दोन' असं लिहिलं गेलं, आणि ती काढायची नाही असा लेखी हुकूम निघाला. रिसालदार साहेबांची बदली झाली. जायच्या दिवशी ते रुस्तमच्या ठाणापाशी आले, जाळीची फीत घट्ट आहे का ते बोटानं बघितलं आणि गेले.

वर्षश्राद्धाला मी देवळ्याला गेले. दफेदाराची बायको मंदा खळ्यावर कांदा निवडत होती. तिला मी सगळं सांगितलं, जाळी कोणी काढली ते पण. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "घोडा हाय का?"

"आहे."

तिनं मला जेवू घातलं. निघताना कोऱ्या जाळीच्या तीन पिशव्या घडी करून हातात दिल्या.

"पुरतील का वर्षभर?" तिनं विचारलं.

पुरल्या. त्यानंतर दर फाल्गुनात तिच्या गावच्या कोणाबरोबर तरी पिशव्या यायच्या. रुस्तम दोन हजार सहापर्यंत काम करत होता. तो पोटशुळानं गेला तेव्हा मी जवळ होते. त्या सालच्या दोन पिशव्या तशाच राहिल्या. त्या माझ्या पेटीत आहेत.

दफेदार नामदेव गांगुर्डे, तालुका देवळा, वय चौतीस. सकाळी सात चाळीसला जाळी मी काढली होती.