नडगीचं हाड

मुन नदीकाठच्या गावात खामपान वैद्याचा काढा घरोघर चाले. तीन झाडांच्या साली, आणि ज्येष्ठमधासारखं एक गोड मूळ. रक्ताचा दाब चढला की माणसं दवाखान्याआधी त्याच्या पायरीवर येत. त्याची मुलगी रंफाई शहरात शिकायला गेली, ती हा काढा उंदरांना पाजून बघायलाच. बाप म्हणाला होता, खुशाल पाज. उंदरांनाही जीव असतो, त्यांचंही बरंच होईल.

दाब वाढलेल्या उंदराचं हृदय ओझी वाहणाऱ्याच्या दंडासारखं जाड होत जातं. रंफाईने अर्ध्यांना काढा दिला, अर्ध्यांना पाणी. शेवटी हृदयं काढली, तोलली. पण हृदय एकटं तोलून भागत नाही. थोराड देहात थोराड हृदय असणारच. म्हणून तिने प्रत्येक हृदयाच्या वजनाला त्या त्या देहाच्या वजनाने भागलं. काढा प्यालेल्यांची हृदयं देहाच्या मानाने लहान निघाली. तिला हर्ष मावेना. नववर्षाला ती घरी गेली, रिवाजाप्रमाणे बापाच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं, आणि पाणी ओततानाच सांगून टाकलं, काढा लागू पडतो.

खामपानचं स्वतःचं हृदय वाढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दवाखान्याच्या गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकून दिल्या.

पावसाळा सरत आला तेव्हा तिच्या गुरूबाईंनी, आचान विपांनी, तिला बोलावून घेतलं. आकड्यांवर त्यांची नजर बराच वेळ रेंगाळली. मग त्यांनी विचारलं, "उजव्या नडग्यांची हाडं कुठं ठेवलीस?"

उंदरांचे उजवे पाय मोजमापासाठीच कापले होते. हाडं ठेवायची होती, हे रंफाईला ठाऊक होतं. पण प्रयोग संपला की तिथे उंदरांना देवळात नेत, भिक्षू मंत्र म्हणत, मग अग्नी देत. पांढऱ्या फडक्यात एकेक देह बांधताना तिला ते लंगडे देह बघवेनात. तिची आजी सांगायची, माणूस असो की बैल, देहातलं जे मागं राहतं ते पुढच्या जन्मी उणं पडतं. इतकं सोसलेल्या जिवाला पुढे लंगडा जन्म कशाला? तिने ज्याचा पाय त्याच्या फडक्यात परत ठेवला होता. तेव्हा मनाला किती शांत वाटलं होतं.

"त्यांच्याबरोबर जाळली, आचान."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, "तुझ्या दयेनं घात केला ग. हे बघ, हृदयं दोन्हीकडची सारखीच भरलीत. काढा प्यालेले उंदीर नुसते जड झालेत, म्हणून भागाकार लहान आला. वजन आज आहे, उद्या नाही. खाण्यानं वाढतं, पाण्यानं फुगतं. हाड तसं हलत नाही. ते उंदीर हाडापेरानंच मोठे होते, की वरून फुगले होते, हे सांगणार होतं हाड."

रंफाई तशीच देवळात धावली. म्हाताऱ्या भिक्षूने सांगितलं, राख केव्हाच नदीला दिली. आणि राख असती तरी त्या चुऱ्यातून कुठलं हाड कुठल्या उंदराचं, हे ती कसं ओळखणार होती? तिने गावाची बस धरली. वाटेवरचं एकही शेत तिला दिसलं नाही. बाप गोळ्या घेत नाही, आणि घेत नाही तो तिच्याच शब्दावर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत खामपान साल कुटत बसला होता. शेजारची थोंगसाई मावशी रिकामी बाटली घेऊन थांबली होती. रंफाईला बघून ती म्हणाली, "आली का उंदरांची डॉक्टरीण? लग्न तरी माणसाशी करशील ना?" बाप हसला. गालांवर, पोटावर तकाकी आली होती. "बघ," तो म्हणाला, "तुझ्या उंदरांसारखंच मलाही मानवलंय. लुंगीची गाठ पुरेना झालीय."

थोंगसाई बाटली भरून घेऊन गेली. मग रंफाईने सगळं सांगितलं. पाय, फडकी, राख, काही लपवलं नाही. म्हणाली, गोळ्या परत सुरू करा.

खामपान मुसळ थांबवून ऐकत होता. "म्हणजे लागू पडतो, हे तुला ठाऊक नाही."

"नाही, पो." लहानपणापासून बापाला ती पोच म्हणे.

"आणि लागू पडत नाही, हे ठाऊक आहे?"

"तेही नाही."

"मग गाव माझ्या बापाच्या काळापासून पितंय, त्या गावाचा शब्द मोडायला तू हात हलवत आलीस? जा पोरी, भात आहे टोपलीत, मिरचीची चटणी आहे. खा आणि हाड मिळालं की ये."

तिने विनवलं, भांडली, रडली. पुन्हा उंदीर घेऊन, वाढवून, मोजून उत्तर मिळेपर्यंत किती काळ जाईल, आणि तोवर तुमचं काय, हे सांगून पाहिलं. तो साल कुटत राहिला. वैद्याच्या मानाचा प्रश्न होता तो. कुटता कुटता त्याला धाप लागली, तसा तो बांबूच्या बाजेवर आडवा झाला, आणि रुसवा संपला अशा आवाजात म्हणाला, पाय जड झालेत, चेपून दे जरा.

तिला दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. ती पायथ्याशी बसली. घोट्यापासून वर, नडगीच्या कडेने अंगठा दाबत निघाली. हाड हाताला लागेना. तिने जोर दिला. अंगठा आत गेला. तिने तो उचलला, तर खाली वाटीसारखा खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा. तिने वर आणखी एकदा दाबलं. तोही राहिला.

 बाप मान उचलून बघत होता. दुसऱ्याच्या पायावर असले खळगे त्याने जन्मभर बघितले होते, आणि असा पाय दिसला की तो काढा न देता माणसाला सरळ तालुक्याच्या दवाखान्यात धाडायचा. त्याने स्वतःचं बोट टेकवलं, दाबलं, काढलं. खळगा भरून यायची वाट बघितली.

"मांस नव्हे हे," तो म्हणाला. "पाणी आहे. तुझ्या उंदरांतही हेच भरलं असेल."

"चला, पो. आत्ता निघू. मी गाडी बघते."

त्याने तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. 

"गाडी मग बघ. आधी थोंगसाईकडं पळ, तिची बाटली काढून घे. मग त्या गल्लीतली सगळी घरं. सांग, खामपाननंच काढा परत मागितलाय."

रंफाई अनवाणीच उठली. कुंपणाशी पोचून तिने वळून बघितलं. तो बाजेवर उठून बसला होता आणि उखळातली साल मुठीमुठीने काढून मातीत टाकत होता. प्रत्येक मुठीनंतर त्याला थांबावं लागत होतं.