कुशाबा फिटर आणि दौलतची मोटरसायकल

तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत मोटरसायकलचे दोन शॉकअप आणून पसरायचे, हेसुद्धा मालनच्या नशिबी होतं. गाडी शेजारच्या दौलतची. पुढून तेल गळायला लागलं तेव्हा कुशाबा छातीठोकपणे म्हणाला होता, "सील गेलीत. एका दुपारचं काम आहे. गॅरेजला कशाला नेतोस?"

त्या एका दुपारला आज आठवडा झाला.

कुशाबा म्हणजे मिलमधला फिटर, बावीस वर्षं मुरलेला. संप होऊन चार वर्षं झाली, मिलनं त्याला परत घेतलं नाही. मालन पापड लाटून घर ओढत होती आणि खरं सांगायचं तर पार थकली होती. तिच्या भावानं, जयवंतनं, खटपट करून रे रोडच्या लाकडाच्या वखारीवर वॉचमनची जागा मिळवली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. कुशाबाचं उत्तर ठरलेलं, "हे काम हातावेगळं होऊ दे, मग बघू."

आणि आज रविवार.

एक बाजू झाली होती. दुसऱ्या शॉकअपच्या नळीच्या तोंडावर त्यानं दुधाची रिकामी पिशवी चढवली, सीलचा रबर कापू नये म्हणून. वरून तेल लावून नवीन सील सरकवलं, त्यावर जुनं उलटं ठेवलं आणि नळाच्या पाइपचा तुकडा घातला. हातोडी नको, लोखंड लोखंडाला मारतं, म्हणून मालनचा खलातला पितळी बत्ता फडक्यात गुंडाळून घेतला.

"घट्ट धर. हलवू नको."

मालन गोधडीवर बसून दोन्ही हातांनी धरून राहिली. कुशाबा गोल फिरवत हळूहळू ठोकत होता, कान लावून. बद्द, बद्द, बद्द आणि मग एकदम टणक, ठक. मालनच्या मनगटांनासुद्धा कळलं, बसलं.

कुशाबानं पाइप काढला. कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"वाकडं बसलंय. काढायला लागेल."

काढलं की रबर फाटणार. नवीन आणायचं म्हणजे ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्टचा बाजार गाठायचा, आणि रविवारी दुकानं बंद. म्हणजे सोमवार. मालनला आधी असा संताप आला की हातातलं सगळं भिरकावून द्यावं. पण ह्या आठ दिवसांत हा माणूस रोज पहाटे उठत होता, दाढी करत होता, पहिल्या पाळीला निघाल्यासारखा चहा मागत होता. तेही तिनंच पाहिलं होतं. तिला त्याची फार कीव आली.

"अहो," ती म्हणाली, "बरोब्बर बसलंय. मी धरलं होतं ना."

स्क्रू ड्रायव्हर तसाच त्याच्या हातात राहिला.

"माहीत आहे," कुशाबा म्हणाला.

खाली कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्यानं फडक्यानं हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

"तो ड्रेस असतो ना वॉचमनचा," त्यानं विचारलं, "तो वखारवाले देतात, की आपला आपण शिवायचा?"

"तेच देतात," मालन म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं.