दहावा आणि प्लेऑफची दाढी

त्या हंगामाबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर आमच्या आइस हॉकी संघाला बर्फ फारसा मानवत नव्हता. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गजवळच्या एका लहान गावाचा हा व्यावसायिक संघ. मी तिथेच राहून पीएच.डी. करत होतो आणि आम्हा दोघांची प्रगती साधारण सारखीच होती. कॅनडाहून वाजतगाजत आणलेला खेळाडू नाताळपर्यंत बर्फापेक्षा शिक्षेच्या बाकावर जास्त दिसला. नाताळात प्रशिक्षकाला घरी पाठवलं. नव्या प्रशिक्षकाने फक्त ओरडण्याची भाषा बदलली. तरीही हंगामाच्या शेवटी, इतर संघांच्या औदार्यामुळे, आम्ही कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसलो.

त्याच आठवड्यात पुण्यात बाबा गेले. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी दिलेला होता. दादाने फोनवर सांगितलं, "धावपळ करू नकोस, सगळं उरकलंय." उरकलं होतं खरं. मला करण्यासारखं एकच उरलं होतं, दाढी न करणं. दहाव्यापर्यंत ते मी मन लावून केलं.

सामन्यांना मात्र जात राहिलो. खोलीत बसून पुस्तकाचं एकच पान किती वेळा वाचणार? स्टेडियमच्या उभ्याने बघायच्या स्वस्त कोपऱ्यात माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई असत. थर्मासमधला चहा आणि पंचांना शिव्या, दोन्ही गरम. प्लेऑफ सुरू झाले की संघ बाद होईपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत आणि त्यांचे चाहतेही करत नाहीत. माझे खुंट बघून बाई खूष झाल्या.

"अरे वा, डॉक्टरसाहेब, तुम्हीसुद्धा!" पदवी मिळायची होती, पण त्यांना धीर नव्हता.

मी सांगितलं की वडील गेलेत आणि आमच्यात दहा दिवस दाढी करत नाहीत. त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या कपातला चहा दिला.

"आणि दहा दिवसांनी?"

"काढायची."

"संघ जिंकत असला तरी?"

आणि संघ जिंकू लागला. हंगामभर पहिल्या क्रमांकावर असलेल्यांशी सात सामन्यांची मालिका होती; पहिल्या सहांपैकी तीन सामन्यांत आमच्या लोकांनी त्यांना धूळ चारली. का, ते प्रशिक्षकालाही कळलं नाही. आमच्या कोपऱ्याने श्रेय माझ्या दाढीला देऊन टाकलं.

दहाव्याच्या दिवशी दादाचा फोन आला. "इकडे माझं मुंडण झालं. कावळा शिवेना, सगळे उन्हात ताटकळले. तू निदान दाढी तरी काढलीस ना?"

"उद्या निर्णायक सामना आहे."

"कसला?"

मी समजावून सांगितलं.

"बर्फावरच्या हॉकीसाठी? आज? लाज वाटत नाही तुला?"

आईने फोन ओढून घेतला. "राहू दे रे त्याची. ह्यांनी स्वतःच्या वडिलांच्या वेळी न्हावी दारातून परत पाठवला होता. आणि कावळ्याला नावं ठेवू नका. हे तरी कधी वेळेवर येऊन जेवलेत?"

दाढी राहिली. खरं तर सामना हे निमित्त होतं. मी ना अग्नी दिला होता, ना अस्थी पाहिल्या होत्या. ती उतरवली की दुःख करण्याची माझी मुदत संपली असती. त्यामुळे त्या स्टेडियममध्ये संघ जिंकावा असं माझ्याइतकं कुणालाही वाटत नसेल.

निर्णायक सामना जिंकला. उपांत्य फेरीत, आमच्याच बर्फावर, आमच्याच खेळाडूच्या बुटाला लागून आमच्यावर गोल झाला आणि हंगाम संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या रिवाजाप्रमाणे स्टेडियममध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. बिअर, सॉसेज आणि मंचावर गावातला तुर्की न्हावी. खेळाडू एकेक करून दाढी उतरवत होते, मागे चाहत्यांची रांग. बाईंनी मला कोपराला धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि माझा चष्मा स्वतःकडे ठेवला. "बसा. मी आहे इथे."

न्हाव्याने गरम टॉवेल ठेवला. वस्तरा गालावरून फिरला तसं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाजूच्या खुर्चीत आमचा गोलरक्षक होता, अर्धी दाढी उतरलेला. त्याला वाटलं मी त्या गोलसाठी रडतोय. त्याने हात लांबवून माझा खांदा दाबला.

"पुढच्या हंगामात," तो म्हणाला, "नक्की."

माझ्या दुःखाला पुढचा हंगाम नव्हता, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण त्याचेही डोळे भरून आले होते आणि न्हावी म्हणाला, हलू नका.