मधल्या सरकारांचं छत्र

मधल्या सरकारांचा एकही फोटो पूर्ण नाही. बंगल्यातल्या प्रत्येक तसबिरीत थोरले मधोमध, धाकटे राणीसाहेबांच्या मांडीवर आणि मधल्यांचा कुठे कान, कुठे कोपर. सगळे तुकडे कापून जोडले असते तर एक अख्खा माणूस उभा राहिला असता, वर दोन कोपरं शिल्लक.

वणीपलीकडच्या डोंगरातलं त्यांचं संस्थान इतकं लहान, की महाराजांनी आळस दिला की हात परमुलखात जायचे. संस्थान गेलं, मंडळी नाशकात गंगापूर रोडला आली. पण दसऱ्याची मिरवणूक सुटली नाही. तिच्यासाठी झेंडू आमच्या मळ्यातून जायचा, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

थोरल्यांचे कोट मधल्यांकडे येत आणि तिथून धाकट्यांकडे जात. "माझ्या अंगावर कपडे मुक्कामाला येतात," म्हणून ते असे हसायचे की गोदाघाटावरची कबुतरं उडून थेट सटाण्याला उतरायची.

मिरवणुकीत तलवार महाराजांच्या हाती आणि त्यांच्या डोक्यावर छत्र धरायचा मान मधल्या मुलाचा. मान कसला, दुसऱ्याला सावली आणि आपण उन्हात. पण छत्राशिवाय तलवार फाटकाबाहेर पडत नाही, हा घराण्याचा नेम.

नव्वदच्या दशकात महाराज गेले आणि तलवारीवरून भावांचं फाटलं. दसऱ्याला थोरले नुसती तलवार घेऊन उभे, धाकटे नुसतं म्यान घेऊन. दोन घोडे, दोन बँड, दोन्हींची वेगवेगळी गाणी. राणीसाहेब ओवाळणीचं ताट घेऊन पायरीवर बसल्या. "दोन मिरवणुका निघाल्या तर हे ताट मी कायमचं ठेवून देईन," एवढंच म्हणाल्या.

मधले सरकार छत्र घेऊन आले.

"मधल्या, इकडे धर."

"आबासाहेब, इकडे," धाकट्यांनी मधल्यांना हाक दिली.

"छत्र एकच आहे. दोघं मावाल, पण खेटून चालावं लागेल."

"याचं पोट बघितलंस का?" थोरले म्हणाले.

"तुम्ही तुमचं आत घ्या दादासाहेब, मावेल."

निघाले. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर रेशमी फेटे. दोघांत बोटभर अंतर पडलं की मधले सरकार छत्र बाजूला घ्यायचे. मग पुन्हा खेटणं, कोपरखळ्या, शेवटी हसू. आपट्याच्या झाडापाशी पोचेतो तलवार म्यानात गेली होती. परतल्यावर राणीसाहेबांनी पहिलं मधल्यांना ओवाळलं. ते घामानं इतके निथळत होते की निरांजन विझायला आलं.

काही वर्षांनी मधले सरकार गेले. त्या दसऱ्याला मी झेंडू घेऊन पोचलो, तर दोघा भावांची पुन्हा जुंपलेली. तलवार पायरीवर तशीच पडलेली. भांडण छत्र कोणी धरायचं याचं.

"तुम्हाला पेलवायचं नाही."

"तुला उंची कुठाय?"

अखेर दोघांनी दोन बाजूंनी हात लांब करून एकच दांडा धरला. फोटोवाला ओरडत राहिला, "सरकार, जरा जवळ या." कोणी सरकलं नाही. तसबीर आजही दिवाणखान्यात आहे. थोरल्यांचा कान कापला गेलाय, धाकट्यांचं कोपर. मधोमध, छत्राखाली, एका अख्ख्या माणसाची जागा आहे.